अनेकांची साक्ष : देशोदेशींच्या दिग्दर्शकांचे संग्रहपट आणि आपले भोपाळ



स्मृतिव्याख्यानाला उभे राहिले की ‘स्मृती’ या शब्दाचाच विचार प्रथम मनात येतो. एका शिक्षकाची आठवण अनेक विद्यार्थी जपतात, तेव्हा कुणाला वर्गातला करडा स्वर आठवतो, तर कुणाला अडचणीच्या काळात पाठीवर पडलेला हात. या आठवणी परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत आणि तरीही त्यांतील एकही खोटी नसते. मग अशा अनेक आठवणी एकत्र मांडायच्या कशा? त्यांतून एकच सुबक कथा घडवावी, की प्रत्येकाला त्याचा स्वर राखू द्यावा? हा प्रश्न इतिहासकाराचा आहे, तसाच कलावंताचाही आहे. चित्रपटकलेने त्याला दिलेल्या एका उत्तराचा इतिहास आज आपणांसमोर मांडावा, असे मी योजिले आहे.

निरनिराळ्या देशांतील दिग्दर्शकांनी केलेले लघुपट एका सूत्रात ओवून जो पूर्ण लांबीचा चित्रपट तयार होतो, त्याला मी सोयीसाठी ‘संग्रहपट’ म्हणतो. मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने या विषयाकडे का वळावे, अशी शंका कुणास येईल. तिचे निरसन पुढील विवेचनातून व्हावे, अशी माझी अपेक्षा आहे.

आपल्या देशात चलच्चित्रांचे पहिले दर्शन झाले तेच मुळी लघुपटांच्या गुच्छाच्या रूपाने. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या वतीने मारियस सेस्तिए यांनी सहा चित्रफिती दाखविल्या. स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान, भिंत पाडण्याचे काम अशी ती दृश्ये होती. प्रत्येक चित्रफीत मिनिटभराचीच असे. त्यातून प्रेरणा घेऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचा सोहळा फितीवर उतरविला. पुढे १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने पूर्ण कथेचा पाया घातला आणि लघुपट हळूहळू मुख्य खेळाच्या आधीची सोबत होऊन राहिला.

युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर लघुपटांना एकत्र गुंफण्याची कल्पना नव्याने रुजली. १९६२ मध्ये आलेला ‘विसाव्या वर्षातील प्रेम’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट या दृष्टीने महत्त्वाचा. फ्रान्सचे फ्रान्स्वा त्रुफो, इटलीचे रेन्झो रोसेलिनी, जपानचे शिंतारो इशिहारा, जर्मनीसाठी मार्सेल ऑफ्युल्स आणि पोलंडचे आंद्रे वायदा या पाच जणांना एकच विषय देण्यात आला. विषय एक, वय एक आणि देश पाच. वायदांच्या पोलंडमध्ये विशीतल्या मुलाशी बोलतानाही युद्धाची सावली मध्ये येते, हे त्या चित्रपटाने दाखविले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, क्रिस मार्कर यांच्या पुढाकाराने ‘व्हिएतनामपासून दूर’ हा युद्धविरोधी चित्रपट तयार झाला. गोदार, रेने, डच दिग्दर्शक योरिस इव्हेन्स, अमेरिकन विल्यम क्लाइन, क्लोद लेलूश असे नामवंत त्यात सहभागी होते. पहिल्या चित्रपटाला जोडणारा धागा वयाचा होता. या दुसऱ्याला जोडणारा धागा सार्वजनिक शोकाचा आणि संतापाचा होता.

चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ मध्ये झालेला प्रयोग आणखी वेगळा. जगभरातील सुमारे चाळीस दिग्दर्शकांच्या हाती ल्युमिएर बंधूंच्याच जुन्या बनावटीचा कॅमेरा देण्यात आला. अट अशी की चित्रफीत साधारण ५२ सेकंदांचीच असावी आणि दृश्यासोबत ध्वनी मुद्रित करू नये. आता धागा विषयाचा उरला नव्हता, मापाचा होता. सर्वांना एकच माप दिले की प्रत्येकाचा स्वभाव उघडा पडतो.

येथे मला माझ्या विषयाकडे, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वपरंपरेकडे, क्षणभर वळू द्यावे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेली ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील असाच संग्रह. कवी अनेक, प्रसंग अनेक; पण छंद बहुतांशी एकच, गाथेचा. दोन ओळींच्या त्या मापात नांगर हाकणारा आला, प्रवासाला गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री आली, गोदावरीचा काठ आला. छंदाचे बंधन सर्वांना सारखे असल्यामुळे कुणाचाही आवाज दुसऱ्याच्या आवाजावर चढला नाही.

दुसरे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्यांनी जे पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून, ते लिहून घेतले. पुढील काळातील महानुभाव पोथ्यांत तर एकाच लीळेची निरनिराळी स्मरणे ‘वासना’ या संज्ञेने शेजारी शेजारी नोंदलेली आढळतात. अमक्याची आठवण अशी, तमक्याची अशी. लिहिणाऱ्याने त्यांतली एक खरी ठरवून दुसरी पुसून टाकली नाही. माझ्या मते मराठी गद्याच्या आरंभकाळीच आपल्याला मिळालेला हा फार मोठा संस्कार आहे. साक्षी भिन्न असतील, तर भिन्नता हीदेखील साक्षच होय.

हा संस्कार मनाशी ठेवून २००२ सालच्या एका चित्रपटाकडे पाहू. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. त्यानंतर वर्षभरात फ्रेंच निर्माते आलँ ब्रिगाँ यांनी अकरा देशांतील अकरा दिग्दर्शकांना निमंत्रण दिले. त्या दिवसाविषयी आपापल्या भूमीवरून काय दिसते ते सांगावे. मात्र प्रत्येकाचा लघुपट ११ मिनिटे, ९ सेकंद आणि १ फ्रेम एवढाच असावा, ही अट होती. युरोपीय पद्धतीने लिहिलेली ती तारीखच या मापात उतरली होती आणि तेच चित्रपटाचे नाव झाले. २००२ च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखविला गेला.

पहिला लघुपट इराणच्या समीरा मखमलबाफ यांचा, आणि तो शाळेविषयी आहे, म्हणून आजच्या व्यासपीठावर त्याचा उल्लेख विशेष उचित ठरेल. इराणमधील अफगाण निर्वासितांची लहान मुले विटा पाडण्याच्या कामात गुंतली आहेत. शिक्षिका त्यांना गोळा करून न्यूयॉर्कमध्ये काय घडले ते समजावू पाहते. मुलांना मनोरा ठाऊक नाही. त्यांच्या जगातील मोठी बातमी म्हणजे वस्तीतल्या विहिरीत माणसे पडली ही. मृतांसाठी मिनिटभर शांत राहा म्हटले तरी ती कुजबुजतच राहतात. अखेर शिक्षिका त्यांना वीटभट्टीच्या उंच धुराड्याखाली उभे करते आणि वर पाहायला सांगते. दूरदेशीचे दुःख समजण्यासाठी जवळची एखादी वस्तू लागते, हे अध्यापनशास्त्राचे मूलतत्त्व त्या एका दृश्यात सामावले आहे.

बोस्नियाचे दानिस तानोविच यांनी स्रेब्रेनिकाच्या स्त्रिया दाखविल्या. जुलै १९९५ मधील हत्याकांडात ज्यांचे पुरुष गेले, त्या दर महिन्याच्या ११ तारखेला मोर्चा काढतात. नभोवाणीवर न्यूयॉर्कची बातमी येते. आज मोर्चा काढावा की नाही, असा प्रश्न पडतो. आणि त्या निघतात. इंग्लंडचे केन लोच यांनी लंडनमध्ये राहणाऱ्या एका चिली देशाच्या निर्वासिताला अमेरिकनांना पत्र लिहिताना दाखविले. त्याच्याही आयुष्यात एक ११ सप्टेंबर आहे, १९७३ चा. त्या दिवशी सान्तियागोत लष्कराने आयेंदे यांचे निर्वाचित सरकार उलथले, आणि त्यामागे अमेरिकेचे पाठबळ होते. तोही मंगळवारच होता. पत्रलेखक मृतांबद्दल मनापासून दुःख व्यक्त करतो आणि एवढेच सुचवितो की आम्ही तुमची आठवण ठेवू, तुम्हीही आमची ठेवावी. या लघुपटास व्हेनिस येथे समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला.

भारताचा लघुपट मीरा नायर यांचा. त्यांनी मुंबई वा दिल्ली न निवडता न्यूयॉर्कमधील एक सत्यकथा घेतली. सलमान हमदानी हा कराचीत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला तरुण त्या दिवशी बेपत्ता झाला. तो मुसलमान असल्याने त्याच्यावरच संशय घेण्यात आला, शेजाऱ्यांच्या नजरा बदलल्या. काही महिन्यांनी ढिगाऱ्यात त्याचे अवशेष सापडले. इतरांना वाचवावयास धावून गेला असता तो मृत्यू पावला होता. त्याच्या आईची, तलत यांची, भूमिका तन्वी आझमी यांनी केली. उषाकिरण म्हणजे पूर्वाश्रमीच्या उषा मराठे यांच्या त्या कन्या, हे येथील जुन्या रसिकांना सांगावयास नको. भारताच्या नावाने सादर झालेल्या लघुपटात एका पाकिस्तानी वंशाच्या मातेचा शोक मराठी घरात वाढलेल्या अभिनेत्रीच्या मुखातून यावा, यात या कलाप्रकाराची उदारता दिसून येते.

सर्वच लघुपट समान प्रतीचे आहेत, असे मी म्हणणार नाही. काही अट पाळण्याच्या ओघात बेतीव झाले आहेत. काही अमेरिकन समीक्षकांनी संपूर्ण चित्रपटच अमेरिकाविरोधी ठरविला. तुमच्या दुःखाच्या प्रसंगी आमचे दुःख सांगणे हे औचित्याला धरून आहे काय, हा त्यांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हे. सांत्वनाला गेलेल्या माणसाने स्वतःच्या घरातील मयताची गोष्ट काढली, तर आपल्यालाही ते खटकते. परंतु थोडा विचार केला तर असे दिसते की, सांत्वन खरे वाटते ते बहुधा अशाच माणसाकडून, ज्याने स्वतः कुणाला गमावले आहे. प्रश्न राहतो तो मापाचा. त्या चित्रपटात सर्वांना ११ मिनिटे ९ सेकंद मिळाले. शॉन पेन यांच्या अमेरिकेलाही तेवढेच आणि इद्रिसा वेद्राओगो यांच्या बुर्किना फासोलाही तेवढेच. जगाच्या व्यवहारात या दोन देशांना सारखा वेळ क्वचितच कुणी दिला असेल. या समानतेतच संग्रहपटाचे नैतिक बळ आहे, असे माझे मत आहे.

मात्र नुसते एकत्र येणे पुरेसे नसते. २०१७ मध्ये ब्रिक्स राष्ट्रगटातील पाच देशांच्या दिग्दर्शकांचा ‘काळ कुठे गेला’ अशा अर्थाच्या नावाचा संग्रहपट चीनमधील चेंगडूच्या महोत्सवात उद्घाटनाला दाखविण्यात आला. चीनचे ज्या झांगके हे त्याचे सूत्रधार होते. भारताच्या वतीने आपले मुंबईकर मधुर भांडारकर यांनी ‘मुंबई मिस्ट’ हा लघुपट केला. घरच्यांच्या दुर्लक्षामुळे एकाकी झालेला निवृत्त वृद्ध आणि रस्त्यावरचा एक मुलगा यांच्यातील स्नेह हा त्याचा विषय असून वृद्धाची भूमिका अन्नू कपूर यांनी केली. राष्ट्रगटांच्या सोहळ्यासाठी केलेल्या कामात औपचारिकतेचा अंश येणे स्वाभाविक असते. तरीही त्यातील ब्राझीलचे वॉल्टर सालेस यांचा लघुपट भोपाळकरांनी आवर्जून पाहावा. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी ब्राझीलमधील मारियाना येथे लोहखनिजाच्या खाणीतील गाळाचा बांध फुटला. बेन्तो रोद्रिगेस हे गाव चिखलाखाली गेले, १९ माणसे मृत्युमुखी पडली आणि तो गाळ नदीतून शेकडो किलोमीटर वाहत सागराला मिळाला. सालेस यांनी या आपत्तीनंतर बेपत्ता पित्याच्या शोधात असलेल्या माय-लेकराची कथा सांगितली. कारखानदारीतून ओढवलेले संकट, रात्रीतून हरवलेली माणसे, वर्षानुवर्षे चालणारे खटले हे सारे आपणांस परके वाटणार नाही.

श्रोतेहो, येथेच मला जे सांगावयाचे आहे ते येते. भारताने अशा जागतिक संग्रहपटांत दोनदा आसन भूषविले, याचा मी उल्लेख केला. एकदा न्यूयॉर्कचे दुःख सांगितले, एकदा मुंबईचे एकाकीपण. भोपाळला मात्र त्या आसनावर बसण्याचा योग आला नाही. दिग्दर्शकांनी काय निवडावे हा त्यांचा अधिकार असल्याने हे मी तक्रार म्हणून म्हणत नाही. पण २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र ही जगातील औद्योगिक अपघातांच्या इतिहासातील सर्वांत भीषण रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू सुटला. हजारो जीव गेले आणि लाखो लोक कायमचे बाधित झाले. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. अधिक भरपाईसाठी केंद्राने केलेली याचिका २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आणि कारखान्याच्या आवारातील ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, पीथमपूर येथे नेऊन जाळण्यात आला.

या रात्रीवर चित्रपट झाले नाहीत असे नाही. महेश मथाई यांचा ‘भोपाल एक्सप्रेस’ १९९९ मध्ये आला, रवी कुमार यांचा ‘भोपाल : अ प्रेयर फॉर रेन’ २०१४ मध्ये, आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या शौर्यावरील ‘द रेल्वे मेन’ ही मालिका २०२३ मध्ये. प्रत्येकाने एकेक कथा निवडली आणि बाकीच्या कथा तिच्या मागे गेल्या. एकाच कथानकाची ती मर्यादाच असते.

साक्ष मांडण्याची सर्वांत कष्टाची धडपड केली ती तपन बोस आणि सुहासिनी मुळे यांच्या ‘बियाँड जेनोसाइड’ या माहितीपटाने. त्याला सर्वोत्कृष्ट कथेतर चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारप्राप्त लघुपट दाखविण्याचे घोषित धोरण असतानाही दूरदर्शनने तो प्रक्षेपित करण्यास नकार दिला. चित्रपट जुना झाला, त्यात संयम आणि समतोल नाही, भरपाईचे दावे न्यायप्रविष्ट आहेत, वातावरण तापेल, अशी कारणे देण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, हा नकार अभिव्यक्तीच्या घटनादत्त स्वातंत्र्याचा भंग आहे. भोपाळची साक्ष भोपाळबाहेर पोहोचण्यासाठी घटनेच्या एकोणिसाव्या कलमाचा आधार घ्यावा लागला, ही गोष्ट आपल्या शाळांतील नागरिकशास्त्राच्या तासाला अवश्य सांगितली जावी.

याच सुहासिनी मुळे यांच्या मातोश्री विजया मुळे. १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ हा त्यांचा चित्रपट दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याच्या स्मरणात असेल. विसाव्या शतकातील परदेशी चित्रपटांत भारत कसा दिसला, यावर त्यांनी पुढे ग्रंथही लिहिला. परक्याने आपल्याकडे पाहण्याचे भय बाळगू नये, मात्र ते पाहणे तपासून घ्यावे, ही त्यांची दृष्टी मला मोलाची वाटते. कारखान्याजवळचे माय-लेकराचे शिल्प आठवावे. ते डच शिल्पकार रूथ वॉटरमन यांनी घडविले. हिटलरच्या काळातील ज्यूंच्या संहाराची झळ ज्यांच्या कुटुंबाला लागली होती, त्या कलावतीला भोपाळच्या वायूने होरपळलेली आई परकी वाटली नाही. अफगाण मुलांना धुराडे लागले, वॉटरमन यांना स्वतःची स्मृती लागली. दुःख एका देशातून दुसऱ्या देशात जाते ते याच वाटेने.

असा जागतिक संग्रहपट भोपाळवर कधी निघेल, न निघेल. ते आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते म्हाइंभटांचे काम. २०१५ मध्ये मराठीत ‘बायोस्कोप’ नावाने चार दिग्दर्शकांच्या चार लघुपटांचा एक चित्रपट झाला, तेव्हा या प्रकारासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण उरलेले नाही, हेही सिद्ध झाले. आज साध्या दूरध्वनी-संचावरही चित्रण करता येते. म्हणून या शाळेला, विशेषतः तिच्या माजी विद्यार्थ्यांना, माझी एक सूचना आहे. त्या रात्रीच्या आठवणी ज्यांच्यापाशी आहेत, ते आता पन्नाशी-साठीच्या पुढे गेले आहेत. त्या वेळचे प्रौढ तर झपाट्याने कमी होत आहेत. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड, रेल्वे वसाहत आणि नव्या भोपाळच्या टेकड्या अशा निरनिराळ्या ठिकाणांहून ती रात्र निरनिराळी दिसली. हमीदिया रुग्णालयातील परिचारिकेला दिसली ती वेगळी, दुसऱ्या दिवशी शाळा उघडेल की नाही या विचारात पडलेल्या मास्तरांची वेगळी. प्रत्येकास एकच माप द्यावे, म्हणजे समजा दहा मिनिटे. हिंदी, उर्दू, मराठी, सिंधी, ज्याला जी भाषा जवळची तीत बोलू द्यावे. दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवाव्यात. कुणाचे काही कापून दुसऱ्याच्या कथेत बसवू नये.

यात एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागेल. ज्याला बोलावयाचे नाही, त्याच्या मौनाचाही मान राखावा. मेक्सिकोचे इन्यारितु यांनी आपल्या ११ मिनिटांतील बराचसा काळ पडदा काळाच ठेवला आणि केवळ आवाज ऐकविले. काही दुःखांपुढे दृश्य मागे घ्यावे लागते, हे त्या काळोखाने जाणवून दिले. आपल्या संग्रहातही अशी काही रिकामी मिनिटे असतील. ती तशीच राहू द्यावीत.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्यांनी आयुष्यभर मुलांना एकमेकांचे ऐकून घ्यावयास शिकविले. शाळेने हे काम अंगावर घेतले, तर ते त्यांचे यथोचित स्मारक होईल, असे मला वाटते.